हे गवत काय कामाचं?

नारायण पेठेत बाग असते असं सांगितलं की कोथरूडचे लोक हसतात. हसोत बापडे. त्यांना बाग म्हटलं की मध्ये झोपाळा, कोपऱ्यात दगडी बुद्ध आणि भोवताली हिरवळ असं काहीतरी दिसतं. आमच्या पेठेत बागेची व्याख्या साधी आहे: जिथे स्कूटर लावता येत नाही अशी जमीन. वाड्यांच्या काळी परसात अळू, कर्दळ, मोरीच्या पाण्यावर पोसलेली केळ असा संसार असे. वाडे पडले, बिल्डर आले आणि परसाचा झाला 'साइड मार्जिन'. आमच्या इमारतीचा असा एक पट्टा कुंपणाच्या भिंतीलगत आहे. रुंदी दीड फूट, लांबी बारा. याहून अरुंद जमिनीवरून या पेठेत तीन-तीन पिढ्या दिवाणी दावे चालले आहेत, तेव्हा बाग करायला ती पुष्कळच झाली.

फुलझाडं लावून झाली होती. जास्वंदीची फुलं पहाटे पाचला देवाला जातात. कोणाच्या, ते विचारायची पद्धत नाही. शेवग्याच्या वेळी शेंगा मोजण्यावरून चेअरमन बदलला. तुळशीपाशी चपला घालून गाडी काढावी की नाही, यावर दोन मजले अजून एकमेकांशी बोलत नाहीत. म्हणून यंदाच्या सभेत ठराव झाला की ज्याला तोडण्यासारखं फूल नाही, खाण्यासारखं फळ नाही आणि ज्यात कोणाच्या धार्मिक भावना अडकलेल्या नाहीत असं काहीतरी लावावं. या तिन्ही अटींत बसतं ते गवत, यावर आश्चर्यकारक एकमत झालं. एकमत झालं की आमच्याकडे काहीतरी चुकलं आहे असं समजतात.

माझी पुतणी उद्यानरचना शिकून आली आहे. ती म्हणाली, "काका, ग्रासेस आणि सेजेस. गवतं आणि लव्हाळी. सगळ्या जगात सध्या तेच चाललंय." नारायणरावांच्या नावाच्या पेठेत पुतण्याने किंवा पुतणीने 'काका' अशी हाक मारली की काकाला जरा जपून वागावं लागतं. एका काकाने एकदा वेळेवर ओ दिली नाही, त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली, लोक अजून विसरलेले नाहीत. मी लगेच हो म्हटलं.

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून सभा झाली. पुतणीने लॅपटॉप उघडून न्यूयॉर्कची हाय लाइन दाखवली. शहराच्या डोक्यावरून जाणारा मालगाड्यांचा जुना लोहमार्ग. १९८० साली शेवटची गाडी गेली, मग रुळांमध्ये आपोआप गवत माजलं, ते बघून लोक हरखले, आणि २००९ साली तिथे बाग उघडली. पीट आऊडॉल्फ नावाच्या डच माणसाने झाडं निवडली. आपोआप उगवलेलं काढलं आणि आपोआप उगवल्यासारखं दिसेल असं विकत आणून लावलं.

खजिनदारांनी हा भाग पुन्हा सांगायला लावला. "आधीचं फुकट होतं ना?"

"हो."

"मग काढलं कशाला?"

पुतणी 'डिझाइन' असं काहीतरी म्हणाली. खजिनदारांनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता गवत कोणतं आणि लव्हाळा कोणता, हे आधी ठरवायला हवं होतं. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. (पेठेतल्या कोणत्याही इमारतीत पहिल्या मजल्यावर कशाचे तरी निवृत्त प्राध्यापक राहतातच, विषय तेवढा बदलतो.) त्यांनी कुंपणाच्या फटीतूनच दोन काड्या उपटून आणल्या. म्हणाले, गवताची काडी गोल, बहुतेक वेळा पोकळ, आणि तिला अंतराअंतरावर पेरं. लव्हाळ्याची काडी तीन कडांची, भरीव, आणि तिच्यावर पेरं शोधून सापडत नाहीत. गवताची पानं दोन रांगांत निघतात, लव्हाळ्याची तीन. शंका असेल तर काडी चिमटीत धरून फिरवा. गुळगुळीत फिरली तर गवत. बोटाला कड लागत राहिली तर लव्हाळा.

मग सगळ्यांनी काड्या फिरवून पाहिल्या. लक्ष्मी रोडवरून आत वळलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी "इथे कसली नाडीपरीक्षा चालली आहे का" म्हणून चौकशी केली आणि रांगेत उभे राहिले.

"आतून भरीव, सांधा नाही, आणि कुठूनही धरला तरी कड लागते," सेक्रेटरी म्हणाले. "हा तर आपल्याच पेठेतला दिसतोय. लव्हाळाच लावा."

मला हे पटलं होतं, पण तळमजल्यावरच्या आप्पांनी हरकत घेतली. पुरात कोण टिकतं या वादात तुकोबांनी लव्हाळ्याच्या बाजूने निकाल दिला आहे, तो कशाच्या जोरावर? तर लवण्याच्या. "लवणं आपल्यात बसतं का?" आप्पांनी सभेला विचारलं. सभेने प्रामाणिकपणे मान हलवली, आडवी. आप्पांचा अधिकार मोठा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मुठेचं पाणी या पेठेत शिरलं होतं, आणि आप्पा तेव्हा शाळकरी वयात माळ्यावर बसून ते बघत होते. वाडा गेला, दिंडी दरवाजा गेला, वडिलांचा जमाखर्च गेला. "पाणी ओसरल्यावर चिखलातून पहिलं काय वर आलं असेल तर हा," असं म्हणून त्यांनी हातातली तीन कडांची काडी उंच धरली. "याला लावायला काय लागतं? हा असतोच."

इथून सभा जी भरकटली ती पुतणीच्या कॅटलॉगवर येऊन स्थिरावली.

पहिलं चित्र पंपास गवताचं. दक्षिण अमेरिकेतलं, माणसाच्या दीडपट वाढणारं, वर मोठाले पांढरे तुरे. हल्ली लग्नाच्या स्टेजमागे गुलाबी-पांढरे वाळके तुरे उभे करतात ते हेच. म्हात्रे पुलापलीकडे डीपी रस्त्यावर जी कार्यालयं स्वतःला 'लॉन्स' म्हणवतात तिथे पायाखाली प्लास्टिकचं गवत आणि डोक्यामागे मेलेलं गवत, अशा दुहेरी हिरवाईत आता मंगलाष्टकं होतात. आमच्या इमारतीतल्या काकूंनी चष्मा वर करून चित्र नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हा कुंचा आहे."

पुतणीने समजावलं, की काकू, हे शोभेचं असतं. काकू घरात गेल्या आणि दारामागचा कुंचा घेऊन आल्या. तो लॅपटॉपशेजारी धरला. आणि खरं सांगतो, फरक करणं कठीण गेलं. प्राध्यापकांनी तर भर घातली: आपला कुंचा ज्या गवताचा होतो ते ईशान्येकडच्या डोंगरांत वाढतं, आणि परदेशात लोक तेच गवत 'टायगर ग्रास' म्हणून बागेत हौसेने लावतात. म्हणजे एका बाजूला आम्ही त्याने जिना झाडतो आणि दुसऱ्या बाजूला कोणीतरी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतं. पंपासच्या पानांची कडा करवतीसारखी असते, एकेका तुऱ्यात लाखाच्या घरात बी असतं, आणि न्यूझीलंडात ते विकायलाच बंदी आहे, हे ऐकल्यावर काकूंनी निकाल दिला. "ज्या कुंच्याने कचरा निघायच्या ऐवजी होतो, तो घरात आणू नये."

जांभळं फाउंटन ग्रास मात्र बऱ्याच जणांना आवडलं. कमी पाणी, भरपूर ऊन, वाऱ्यावर डुलणारी तांबूस कणसं. सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत सहज मिळतं. हरकत फक्त आप्पांची होती, ती म्हणजे या पट्ट्यात ऊन सकाळी पाऊण तास येतं आणि वारा १९९८ पासून, म्हणजे समोरची इमारत झाल्यापासून, आलेला नाही. न डुलणाऱ्या फाउंटन ग्रासला बाजरी म्हणतात, असं ते म्हणाले.

हे विनोदाने म्हटलं होतं, पण प्राध्यापकांनी खाली पडू दिलं नाही. फाउंटन ग्रास आणि बाजरी खरोखरच एका गणगोतातली. २००३ साली अमेरिकेत शोभेच्या झाडांच्या चाचणीत 'पर्पल मॅजेस्टी' नावाच्या रोपाला सुवर्णपदक मिळालं, ती जांभळ्या पानांची बाजरी होती. आपली, भाकरीची, संक्रांतीच्या आदल्या दिवशी तीळ लावून थापायची ती. काकूंनी विचारलं, "पदक भाकरीसाठी दिलं का?" नाही, पानांच्या रंगासाठी. काकूंना वाईट वाटलेलं दिसलं. हुशार मुलीचं केसांसाठी कौतुक झालं की वाटावं तसं.

केरेक्स नावाची लव्हाळी युरोपात फार चालतात. बारीक, वळणदार, पानांना पिवळी किनार असलेली. दिसायला देखणी खरीच. पण ती थंड हवेतली, सावलीत मऊ मातीत सुखावणारी. एप्रिलात पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की त्यांनी काय करायचं? आमच्याकडे तेव्हा माणसंसुद्धा दुपारी एक ते चार कोणालाच सापडत नाहीत. केरेक्सला ती सोय नाही. पुढचं चित्र.

'अंब्रेला पाम'. उंच हिरव्या दांड्या आणि डोक्यावर छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली पानं. पेठेतल्या निम्म्या गॅलऱ्यांत हा आहे, आणि याला सगळे पाम समजतात. तो पाम नाही. पक्का लव्हाळा आहे, मूळचा मादागास्करचा. प्राध्यापकांना इथे एकदम चेव आला. नर्सरीवाले जगाला फसवतात, असं त्यांचं जुनं मत. लकी बांबू हा बांबू नाही. मोंडो ग्रास हे ग्रास नाही, ते शतावरीच्या कुळातलं. नदीकाठी जे पाणकणीस दिसतं ते गवतही नाही आणि लव्हाळाही नाही, त्याचं कूळच वेगळं. उलट खरा बांबू आणि ऊस ही दोन्ही सोळा आणे गवतं, पण त्यांना कोणी गवत म्हणत नाही. साखर कारखान्याच्या चेअरमनला 'गवताचा व्यापारी' म्हणून पाहा एकदा, असं आव्हान त्यांनी दिलं. कोणी स्वीकारलं नाही.

अंब्रेला पामचं एक वैशिष्ट्य खजिनदारांच्या मनात भरलं. त्याची छत्री कापून पाण्यात उलटी ठेवली की तिला मुळं फुटतात आणि नवं रोप होतं. एक आणायचा, बाकी उलटे टांगायचे. अडचण अशी, की त्याला पाय सतत पाण्यात लागतात, आणि पाणी साचलेलं दिसलं की महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधायला येतात. ती माणसं कुंडीखालच्या ताटल्या ज्या नजरेने बघतात त्या नजरेने आयकरवाल्यांनीही कधी कोणाकडे पाहिलं नसेल.

पापायरसचा मुद्दा मीच मांडला. तोही लव्हाळाच, नाईलकाठचा. त्याच्या दांडीचा गर चिरून, पट्ट्या आडव्या-उभ्या अंथरून, दाबून इजिप्तच्या लोकांनी कागद केला. आपली पेठ कागदाची. १८८१ साली निघालेल्या केसरीचा वाडा इथे, छापखाने इथे, अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार हाकेच्या अंतरावर. ज्या कुळाने जगाला पहिला लिहायचा कागद दिला त्याचं एक रोप या पेठेत असायला नको? भाषण बरं झालं होतं. सेक्रेटरींनी टाळीही वाजवायला घेतली होती. पण पापायरस पंधरा फुटांपर्यंत जातो हे कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवलं आणि दुसऱ्या मजल्याने उजेड अडण्याबद्दल लेखी हरकत तिथल्या तिथे दिली. कागद आमच्याच वहीतला होता.

आता त्या तिसऱ्या अटीकडे येतो, धार्मिक भावनांच्या. कॅटलॉगमध्ये टोकाकडे लालभडक होत गेलेल्या पात्यांचं एक गवत होतं. 'रेड बॅरन' का काहीतरी. पाश्चात्त्य बागांत त्याची मोठी हवा आहे. तिसऱ्या मजल्यावरचे गुरुजी इतका वेळ गप्प बसले होते. त्यांनी चित्र मोठं करायला सांगितलं आणि म्हणाले, "हा दर्भ आहे."

आणि होता. आपल्याकडे दर्भ म्हणून जी दोन-तीन गवतं वापरतात त्यांतल्याच एकाचा हा रंगीत अवतार. गुरुजी श्रावणी अमावास्येला दर्भ आणतात, त्याचं पवित्रक बोटात घातल्याशिवाय श्राद्ध होत नाही. "दारात दर्भ लावायचा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाटेल? आणि तोही लाल?" लाल दर्भ कोणत्या कर्माला चालतो, यावर त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले.

प्राध्यापक म्हणाले, दर्भाचं काय घेऊन बसलात, यादीच सांगतो. १९७७ साली होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सर्वांत वाईट तणांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. कोणतं तण किती देशांत किती पिकांचं नुकसान करतं याचा हिशेब मांडून त्यांनी क्रम लावला. या यादीत दर्भाच्या या जातीचा क्रमांक सातवा.

"पहिला कोण?" पेठेत यादी म्हटली की पहिला कोण हे विचारलं जातंच.

पहिला लव्हाळा. आप्पांच्या हातात होता तोच, नागरमोथा. जमिनीखाली याच्या गाठींची माळ असते. वरून उपटला की पात तुमच्या हातात येते आणि गाठी खाली बसून पुढचं नियोजन करतात. जगातलं सगळ्यांत हलकट तण म्हणून शास्त्रज्ञांनी ज्याचं नाव पहिलं घातलं, ते दिवाळीच्या पहाटे आपण उटण्यात घालून अंगाला चोळतो. त्या गाठींना वास सुंदर असतो, काष्ठौषधीच्या दुकानात त्या विकत मिळतात. आपल्या दाराशी फुकट उगवतात त्या काढून फेकायच्या आणि दिवाळीत दुकानातून आणायच्या, हा व्यवहार आपण पिढ्यान् पिढ्या करतो आहोत. खजिनदारांचा चेहरा पाहवत नव्हता.

दुसरा क्रमांक ऐकल्यावर मात्र सभेत शांतता पसरली. दुसरी दूर्वा. शेतकरी जिला हरळी म्हणतो आणि जिच्यापायी बांधावर कपाळाला हात लावतो, तीच. मानाचा पाचवा गणपती केसरीवाड्याचा, म्हणजे याच पेठेतला. मोदीचा गणपती याच पेठेतला. आणि चतुर्थीच्या आधी एकवीस दूर्वांच्या जुड्यांवरून मंडईत जी घासाघीस चालते ती ऐकली तर होमसाहेबांनी क्रम फिरवला असता. गुरुजी म्हणाले, "जगाला जे नकोसं झालं ते गणपतीने आपल्या डोक्यावर घेतलं." हे वाक्य इतकं चांगलं होतं की त्याविरुद्ध बोलायला कोणालाच काही सुचेना. असं क्वचित होतं.

पुढची यादी प्राध्यापकांनी पुरणपोळीसारखी सावकाश वाढली. तिसरं आणि चौथं तण उपासाच्या भगरीच्या गोतावळ्यातलं. पाचवं नाचणीच्या घरातलं. सहावं ज्वारीचा भाऊबंद. सातवा दर्भ झाला. आठवी जलपर्णी, तिला बघायला भिडे पुलावर उभं राहिलं तरी पुरे. ती काढायच्या निविदा निघतात, निविदांपेक्षा जास्त वेगाने ती वाढते. नववी घोळ. दहावा चाकवत.

"चाकवत?" काकूंचा आवाज चढला. "ताकातला?"

ताकातलाच. जगातल्या दहा महादुष्टांपैकी नववा आणि दहावा काकू दर आठवड्याला मंडईतून जुडीने आणतात आणि लसणीची फोडणी देतात. पहिला अंगाला लागतो, दुसरी देवाला, सातवा पितरांना. मराठी घराचं वर्षभराचं पंचांग आणि शेतकऱ्याच्या शत्रूंची यादी शेजारी शेजारी ठेवली तर कोणती कोणती ते कळू नये. मला त्या क्षणी आमच्या पूर्वजांबद्दल अतोनात आदर वाटला. निपटून निघत नाही असं लक्षात आल्यावर त्यांनी प्रत्येकाला काहीतरी काम लावून दिलं होतं. पुतणीची पंचाईत तीच होती. तिच्या कॅटलॉगमधली सगळी गवतं बेकार होती. नुसती उभी राहून सुंदर दिसणार. आणि या पेठेत एखादा नुसता उभा राहून सुंदर दिसायला लागला तर लोक पहिल्यांदा विचारतात, की करतो काय?

प्राध्यापकांनी समारोपाला शिवाजी विद्यापीठाने २०१२ साली काढलेल्या 'ग्रासेस ऑफ महाराष्ट्र' या जाडजूड ग्रंथाचा हवाला दिला. महाराष्ट्रातल्या गवतांचा असा ग्रंथ कोल्हापूरने काढावा आणि पुण्याने नाही, या गोष्टीवर मग अर्धा तास गेला. शेवटी कोणीतरी थिओडोर कुक यांची आठवण काढली. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्यांनी लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात तो बाहेर आला, आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. ते आयरिश होते हा मुद्दा गौण धरण्यात आला. पुण्याची बाजू सावरली गेली आणि सभा निर्णयाच्या मनःस्थितीत आली.

निर्णय असा: पट्ट्याच्या उन्हाकडच्या टोकाला गवताचा प्रतिनिधी म्हणून गवती चहा. दिसायला पुतणीच्या कुठल्याही 'क्लम्प'इतकाच झुबकेदार, पानांची कमान तशीच झोकदार, आणि शिवाय आधणात पडतो. वाळ्याचं एक रोप शेजारी, मुळं माठात टाकायला. अंधाऱ्या टोकाला लव्हाळ्यांचा प्रतिनिधी म्हणून अंब्रेला पाम, कारण तिथे वरच्या मजल्यांच्या एसीच्या नळ्यांमधून पाणी ठिबकतं आणि माती सदैव ओली असते, पण साचत नाही. त्याचं काम काय, असा प्रश्न आला. पुतणी म्हणाली, तो ते ठिबकणारं पाणी पितो. म्हणजे कामावर आहे. मंजूर.

गवती चहा महिन्याभरात भरघोस झाला आणि मग दिसेनासा होऊ लागला. पहिली थंडी पडली, सर्दी-खोकले सुरू झाले, आणि प्रत्येक फ्लॅटला रोज दोन पाती असा नियम करावा लागला. नियम झाल्यापासून सगळे दोन पाती नेतातच. आधी निम्मे लोक चहात आलंच घालायचे. गुरुजी कॉफी पितात, पण हक्क सोडत नाहीत, पाती वाळवून ठेवतात. पुतणी फोटो काढायला आली तेव्हा झुबक्याला मुंज झाल्याच्या दुसऱ्या दिवशीचं रूप होतं. तिने फोटो शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा काढला. गवती चहा आणि पाम यांच्या मधून, न लावता, ठरावाविना, नागरमोथा वर आला आहे. काकूंनी तो तीनदा उपटला. आता गाठी धुऊन उन्हात घालतात.

अंधारातला अंब्रेला पाम मात्र उन्हाळ्यात असा फोफावला की बघत राहावं. इतका, की चौथ्या मजल्याने सोसायटीला पत्र दिलं. सदर वनस्पती आमच्या एसीच्या पाण्यावर वाढलेली असून त्या एसीचं वीजबिल आम्ही भरतो, सबब मेंटेनन्समध्ये सूट मिळावी किंवा सदर वनस्पती आमच्या नावे करावी. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मजल्याचं पत्र आलं, की दोन नळ्यांपैकी एक आमची आहे. प्राध्यापकांनी तोंडी कळवलं, की आम्ही एसी लावतच नाही, तेव्हा उकाडा सोसल्याबद्दल आमचाही काही विचार व्हावा. कोणाच्या नळीतून किती पाणी येतं हे ठरवण्यासाठी खजिनदारांनी दोन्ही नळ्यांखाली बादल्या लावल्या आहेत आणि खडूने आत खुणा केल्या आहेत. पाणी बादलीत जात असल्यामुळे पामच्या छत्र्या जरा मिटल्यासारख्या दिसतात, पण मोजणी पूर्ण झाल्याशिवाय बादल्या हलवता येत नाहीत. येत्या सभेत विषय क्रमांक चार तोच आहे. संध्याकाळी भरलेलं पाणी काकू जिना पुसायला नेतात, ते कोणत्या फ्लॅटच्या खात्यावर धरायचं, हा उपविषय (अ).